आधी पानी, मग पैसे

गोंदियाच्या बाजारात माझे मोठेबाबा पायरी चढताना दिसले, की जुने दुकानदार आधी पाणी मागवतात. पाहुणचार म्हणून नाही. पाणी प्यायल्याशिवाय हा माणूस पाकिटाला हात लावत नाही आणि दुकानातला माठ रिकामा असला तर सरळ शेजारच्या दुकानात जातो, हे त्यांना अनुभवानं कळलं आहे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कामठ्याला आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. राईस मिलमध्ये उभी हयात काट्यावर धानाची पोती तोलली. उंच, वाळकी काठी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट आणि हातातल्या थैलीत स्वतःचा स्टीलचा गिलास. पाणी दुकानाचं, गिलास त्यांचा.

रीत ठरलेली. भाव विचारायचा. बाकावर बसायचं. गिलास दोन्ही हातांत धरून घोट घोट प्यायचं. मग गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात स्वतःलाच मोठ्यानं विचारायचं, "कोन मांगून रायलं?"

उत्तरही तेच द्यायचे. "लाज मांगून रायली." किंवा "राग." किंवा "हाव." असं कुणाचं नाव निघालं, की पाकीट खिशातच राहायचं. क्वचित "मीच मांगून रायलो" असं उत्तर यायचं. तेव्हा मात्र भाव न पाडता पैसे मोजून मोकळे. दुकानदारच दचकायचा.

एकदा मोबाईलच्या दुकानात पोरगा म्हणाला, "बाबूजी, आखरी पीस है. शाम तक नहीं बचेगा."

मोठेबाबांनी अर्धा गिलास संपवला. "हे भेव मांगून रायलं. सरून जाईन म्हून."

"तो लेना है कि नहीं?"

"पानी तं पिऊ दे, भाऊ. तुह्या मोबाईलले कायची घाई आहे?"

आठ दिवसांनी आम्ही तिथून गेलो, तर तो आखरी पीस काचेत तसाच बसलेला. मोठेबाबांनी त्याला लांबूनच जयभीम घातला.

या पाण्याचं मूळ समोशात आहे. तरुणपणी मिलमध्ये बोनस मिळाला, त्या संध्याकाळी हॉटेलात एक जण त्यांना सगळ्यांदेखत फटीचर म्हणाला. मोठेबाबा ताडकन उठले आणि तिथल्या झाडून साऱ्या हमालांना समोसे सांगितले. वर चहा. फटीचर म्हणणाऱ्यालाही दोन. रिकाम्या खिशानं घरी येताना वाटेतल्या बोरिंगवर तोंड लावून पाणी प्यायले आणि डोकं थंड झालं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हेच पाणी हॉटेलात शिरायच्या आधी प्यायला हवं होतं. "मले भूक नोती, माय," ते मला सांगायचे. "माह्या रागानं समोसे खाल्ले. पैसे माह्या घामाचे गेले."

आता माझं सांगते. मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. हे मी कुठंही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. फी मोठेबाबांनी आणि बाबांनी मिळून भरली आणि फीसाठी मोठेबाबा कधी पाणी प्यायले नाहीत. "फी न् औषध बिनपान्याचं," असा त्यांचा कायदा.

पहिल्याच वर्षी कॉलेजात मैत्रिणी म्हणाल्या, रोज आमचंच खातेस, कधी तू पण दे पार्टी. मी बसच्या पासाचे पैसे कँटीनमध्ये उडवून आले. घरी सांगायची हिंमत होईना. शेवटी मोठेबाबांपाशी बोलले.

त्यांनी एकच विचारलं, "काय चारलं?"

"समोसे."

ते बराच वेळ हसले. मग खोकले. मग म्हणाले, "आपल्या घरान्याले समोसे बाधते, बापा." पासाचे पैसे हातावर ठेवले आणि गिलास पुढं केला. "पी. न् सांग, कोन मांगत होतं?"

"लाज," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मीही कुठं पैसे काढताना आत डोकावते. दरवेळी जमत नाही. पण आत कोण हात पसरून उभं आहे, ते तरी कळतं.

पदवी वाटपाच्या आधी मला चप्पल घ्यायची होती. अख्खं कॉलेज मी रबरी स्लिपरवर काढलं होतं. दुकानात एक तपकिरी जोड दिसला. बक्कलवाला, थोडी टाच असलेला. तो मी पायात घालून बघितला. पैसे माझ्या शिकवणीचे होते. पण मोठेबाबांशिवाय मी मोठी खरेदी कधी केली नव्हती, म्हणून त्यांना घेऊन आले होते. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर पैसे माझे असूनही ती चप्पल माझ्या पायात राहिली नसती. आणि मला ती हवी होती. फार हवी होती.

दुकानदारानं पाणी आणलं. मोठेबाबा बसले, गिलास भरून घेतला आणि पिण्याआधी माझ्याकडे बघितलं. "बोल. कोन मांगून रायलं?"

मी खरं सांगायचं ठरवलं. "लाज नाही, मोठेबाबा. ती पहिल्या वर्षीच समोशात गेली. हौस मागून राहिली. माझं नाव पुकारल्यावर मी स्टेजवर चालताना टाचेचा आवाज आला पाहिजे. बस."

आणि मग मला आठवलं, की हौसेलाही ते लाज, राग, हाव यांच्याच टोळीत धरतात. मी चप्पल पायातून काढायला वाकले.

"राहू दे," ते म्हणाले.

गिलास भरलेलाच होता. ते त्यात बघत राहिले.

"तुही मोठी आई मंडईत अशाच चपलीपाशी उभी रायली होती." दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, त्यातल्या एखाद्या जुन्या मंडईची ही गोष्ट. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, गेली तेव्हा मी बोलायलाही शिकले नव्हते. "म्या गिलासभर पानी पिलो न् तिले म्हनलो, हौस मांगून रायली, पुढच्या मंडईले पाहू."

"मग?"

"मग काय. पुढच्या मंडईले मी एकटाच होतो." ते म्हणाले, "तिले विचारलोच नाई, माय. तिच्या वाटचं उत्तर बी मीच देलो."

त्यांनी गिलास बाकावर ठेवला आणि हात पाकिटाकडे नेला. मी माझे पैसे काढले, तर डोळे वटारले. "बांध, भाऊ."

दुकानदार माझ्याकडे बघतो, भरल्या गिलासाकडे बघतो. त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं.

चपलेचा डबा बांधून झाल्यावर मोठेबाबांनी हळूच विचारलं, "यातच पाच नंबर आहे का?"

माझा नंबर सात. दुकानदारानं पाच नंबरचा जोड आणला. मोठेबाबांनी एक चप्पल उचलली, काट्यावर पोतं बघावं तशी तळहातावर तोलली. मग गिलास घेतला आणि सगळं पाणी प्यायले, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. या वेळी कोण मागून राहिलं, ते मोठ्यानं म्हणाले नाहीत.

"वापस ठेवून दे, भाऊ," ते म्हणाले.

पदवीच्या दिवशी माझं नाव पुकारलं आणि मी चालत गेले. टक, टक, टक. लाकडी स्टेजवर जरा जास्तच वाजलं. वाजू दे. खाली दुसऱ्या रांगेत मोठेबाबा गिलासाची थैली मांडीवर घेऊन ताठ बसले होते. शेजारी कुणीतरी अनोळखी कोटवाले गृहस्थ होते. मोठेबाबा त्यांना काय बोलले, ते मला नंतर बाबांनी सांगितलं.

मोठेबाबांनी त्या गृहस्थांचा हात धरून विचारलं होतं, "आवाज आयकला का, साहेब? बिनपान्याची चप्पल आहे."