टिटवीचं अतिक्रमण

टिटवीची चार अंडी निमुळती टोकं आत करून ठेवलेली असतात. घरटं म्हणावं असं काही नसतंच. उघड्या जमिनीवर एक उथळ खळगा आणि भोवती थोडे खडे. अंड्यांचा रंग मातीचाच, त्यामुळे शोधायला गेलं की ती दिसत नाहीत आणि पाय पडायच्या बेतात असला की दिसतात. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या धाकटीला ती अशीच दिसली, थोरल्या जावेच्या कुरणाच्या कडेला, जिथे गाईंनी गवत अगदी जमिनीलगत आणून ठेवलं होतं तिथे.

पाय तिने वेळेवर मागे घेतला. जीभ मात्र आवरता आली नाही. गावच्या सभेत गणपूर्तीची वाट पाहत सगळे बसले होते, बोलायला विषय नव्हता, म्हणून तिने अंड्यांची गोष्ट सांगितली. गणपूर्ती झाली तेव्हा सभेपुढे दुसरं काही कामही नव्हतं. टिटवी संरक्षण समिती स्थापन झाली. खडी-क्रशरचे मालक अध्यक्ष झाले, कारण गावाबाहेरच्या टेकडीचं काय होऊ शकतं याचा त्यांच्याइतका अनुभव कुणालाच नव्हता. धाकटी शास्त्रीय सल्लागार झाली. पहिला ठराव असा, की पुढील निर्णय होईपर्यंत सदर कुरणात चरणे, कापणे व प्रवेश करणे यांस मनाई राहील. आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हायची असली की एकमत लवकर होतं.

थोरलीने कुरकुर केली नाही. अंडी फुटेपर्यंतचाच तर प्रश्न, असं म्हणत तिने गाई गोठ्यामागे बांधल्या. पाटाच्या पाण्यावर वाढणारं कुरणातलं गवत हाच त्यांचा पुढचा चारा होता. पावसाच्या आत कापून वाळवलं की झालं. अजून अवकाश होता.

संरक्षण नुसतं असून चालत नाही, ते दिसलंही पाहिजे, असं अध्यक्षांचं मत पडलं. म्हणून कुंपण आलं, फलक आला. फलकावर गरुड होता, कारण रंगाऱ्याचा गरुडावर हात बसलेला होता. गरुडाखाली टिटवीचं नाव आणि त्याखाली धाकटीचं. रस्त्याने जाणारे फलक वाचून थांबू लागले. थांबणाऱ्यांच्या गाड्यांना जागा हवी, म्हणून अध्यक्षांनी कुंपणाबाहेर स्वतःच्याच क्रशरची खडी पसरून ऐसपैस वाहनतळ करून दिला.

दरम्यान अंडी फुटली. टिटवीची पिल्लं अंग वाळलं की चालू लागतात. ती आईबापांच्या मागोमाग तारेखालून निघून गेली, समितीला न कळवता. धाकटीने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. थोरलीनेही पाहिलं, आणि गवत कापायच्या यंत्राच्या पात्यांना धार लावून ती समितीपुढे उभी राहिली.

"घरटं रिकामं झाल्याचं सिद्ध करावं लागेल," वरच्या कार्यालयातून आलेले निरीक्षक म्हणाले.

"चला की, दाखवते."

"आत जायला मनाई आहे."

"मग बाहेरून बघा."

"बाहेरून गवतामुळे दिसत नाही."

"तेच तर कापायचं म्हणतेय मी."

निरीक्षकांनी मान डोलावली. मुद्दा त्यांना पटला होता; फक्त तो त्यांच्या अखत्यारीत येत नव्हता. मग सगळ्यांनी शास्त्रीय सल्लागाराकडे पाहिलं.

धाकटीला एकच वाक्य बोलायचं होतं. पण ती ज्या खुर्चीत बसली होती तिला हात होते. लग्न होऊन या गावात आल्यापासून मुलांच्या मार्कांखेरीज कुणी तिला काही विचारलं नव्हतं, आणि आता अध्यक्षही तिच्या तोंडाकडे पाहत होते. पिल्लं गेली म्हटलं की समिती संपली, आणि समितीबरोबर खुर्चीही.

"अधिक निरीक्षणाची गरज आहे," ती म्हणाली. शास्त्रात हे वाक्य कधीच खोटं नसतं.

गवत कंबरेला लागलं. त्याला तुरे आले, मग ते पिवळं पडू लागलं. थोरलीने धाकटीशी बोलणं सोडलं. ती आता गाईशी बोलायची, मधल्या भिंतीपलीकडे नीट ऐकू जाईल अशा बेताने. "कुंपण शेत खातं असं ऐकलं होतं गं बाई," ती गाईला म्हणायची, "आपलं कुंपण निराळं. स्वतः खात नाही आणि तुलाही खाऊ देत नाही." गाय रवंथ करत राहायची. धाकटी पलीकडे वह्या तपासायची आणि बरोबर उत्तरावरही चुकीची खूण करून बसायची.

इकडे टिटवीची दुसऱ्या विणीची वेळ झाली. तिला उंच गवत चालत नाही. अंड्यांवर बसल्या जागेवरून चहूकडचं दिसलं पाहिजे, नाहीतर कोल्हा कधी आला ते कळायचं नाही. समितीने तिच्यासाठी राखलेल्या कुरणात तिला स्वतःच्या चोचीपुढचं दिसेना. तेव्हा तिने आसपास पाहिलं, सपाट, मोकळी, खडे असलेली जागा निवडली, आणि वाहनतळाच्या मधोमध चार अंडी घातली.

निरीक्षकांनी प्रकरण बारकाईने तपासलं. संरक्षित क्षेत्रात घरटं नाही, पण ते संरक्षित आहे. वाहनतळावर घरटं आहे, पण ते क्षेत्राबाहेर असल्याने संरक्षित नाही. सबब ते वाहनतळावरील अतिक्रमण होय. त्यांनी खुंटी ठोकून टिटवीसमोर नोटीस लावली. टिटवीने पंख मोडल्याचं सोंग करत, लंगडत, त्यांना अंड्यांपासून दूर नेलं. शत्रूला चकवायची ही तिची जुनी रीत. निरीक्षकांनी अहवालात लिहिलं की अतिक्रमणधारक अपंग असून तिच्याबाबत सहानुभूतीने विचार व्हावा. मग गुरांचे डॉक्टर बोलावण्यात आले. टिटवीने त्यांच्या डोक्यावर झेपा घेत असा आरडाओरडा केला, की भीक नको पण कुत्रा आवर हे तिला माणसांच्या भाषेत म्हणता येत नव्हतं एवढंच.

समितीने पाहुणे बोलावून ठरवलेल्या संरक्षण मोहिमेच्या उद्घाटनाचा दिवस उजाडला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. थोरली यंत्र घेऊन कुंपणाशी उभी होती. ती कुणाशीच बोलत नव्हती. आज गाईशीही नाही. भिजलं की हे गवत कुजणार आणि गाई विकाव्या लागणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पाहुण्यांच्या गाड्यांची रांग मात्र वळणापर्यंत गेली होती. वाहनतळात टिटवी बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

अध्यक्षांनी तोडगा काढला: अंडी उचलून कुरणात ठेवायची आणि गाड्या खडीवर घ्यायच्या. म्हणजे टिटवी तिच्या जागी, गाड्या त्यांच्या जागी. निरीक्षकांना यात नियमबाह्य काही आढळलं नाही. उचललेल्या अंड्यांकडे टिटवी बहुधा परत येत नाही, हे सांगू शकणारी बाई हाताच्या खुर्चीत बसली होती. आज तर खुर्चीवर गादीही होती.

पहिल्या गाडीची काच खाली झाली. आत पाखरांवर मनापासून प्रेम करणारी माणसं होती. गळ्यात दुर्बीण, मांडीवर पक्ष्यांचं पुस्तक, पाण्याची बाटली घरून भरून आणलेली. त्यांनी दोन प्रश्न विचारले: गाडी कुठे लावायची, आणि पक्षी कुठे आहे. प्रश्न याच क्रमाने विचारले गेले. वाचकाने जरा आठवून पाहावं, ती गाडी आपलीच तर नव्हती.

"बोला बाई," अध्यक्ष म्हणाले. "शास्त्र काय म्हणतं?"

धाकटीने सवयीने तोंड उघडलं. 'अधिक' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात कुंपणाजवळून थोरलीने तिच्याकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतंच, पाटीवरचं उत्तर बरोबर येतंय का ते पाहावं तसं. धाकटी उठली. खुर्ची तिने स्वतः उचलली आणि वाहनतळाच्या तोंडाशी आडवी टाकली.

"ताई, गवत कापायला घ्या," ती म्हणाली. "नेहमीसारखं मधून सुरू करून बाहेर या, म्हणजे आत कुणी असलं तर त्याला पळता येईल." मग ती गाडीच्या उघड्या काचेकडे वळली. "आणि तुम्ही सगळे आता घरी जा."