डबल बेल

जिभाऊंच्या अंगणात सायकलची घंटी चुकूनसुद्धा वाजवायची नाही. एकदा वाजली तर ते उचललेलं पाऊल तसंच ठेवून उभे राहतात, दोनदा वाजली की चालू पडतात. शहाद्याच्या डेपोत बत्तीस वर्षं एस.टी. चालवली, त्याचा हा परिणाम. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. निवृत्त होऊनही माणूस अजून त्या दोरीलाच बांधलेला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी, शेजारचा साधा शाळामास्तर, तक्रार केली नसती. पण जिभाऊंनी देवालाही ड्यूटीवर लावलं होतं. "मी ते निस्ता डायवर शे, मास्तर. कंडक्टर वर बठेल शे. त्यानी डबल बेल वाजाशिवाय गाडी हालस नही."

रनाळ्याचं शेत भावाच्या हवाली करून शहाद्यात घर घ्यायचं ठरलं, तेव्हा दलाल समोर बसवून हे डोळे मिटून गप्प. अर्ध्या तासानं आतल्या देवघरातून टिण टिण झालं. "वाजनी! घर लेवानं!" एकदा गल्लीत कुल्फीवाला हात दुखेस्तोवर घंटी बडवत होता. मी म्हटलं, "घ्या जिभाऊ, देव बोलतोय." तर म्हणाले, "देव इतली बडबड करस नही."

त्यांची एकुलती एक लेक वैशू. तिच्या लग्नाच्या वेळी तर कहर झाला. खांडबाऱ्याचा मुलगा बघायला आलेला. पोहे झाले, चहा झाला, मुलाचा बाप घड्याळ बघतोय, आणि जिभाऊ खुर्चीत डोळे मिटून. माझा जीव टांगणीला लागला. पाणी प्यायला आत गेलो, तर देवघरासमोर वहिनी! हातात पूजेची घंटी, आणि पडद्याच्या फटीतून मुलाला नीट न्याहाळताहेत. मला बघून हसल्या आणि वाजवली, दोनदा. बाहेरून आवाज आला, "पक्कं!" मी कपाळावर हात मारला. एवढा बाप्या माणूस, आणि बायको याला खुशाल गुंडाळते!

मागच्या दिवाळीनंतर वहिनी गेल्या. जिभाऊ रोज पूजा करत, पण घंटीला हात लावत नसत. डायवरनं स्वतःच बेल मारायची नसते म्हणे.

मग एके दिवशी न्हाणीत घसरून पडले, ते दुपारपर्यंत तसेच. दार मीच फोडलं. वैशू धावत आली. "आप्पा, आते मन्हाकडे ऱ्हावानं." जिभाऊंनी मुकाट्यानं पिशवी भरली, ओट्यावर बसले आणि डोळे मिटले. संध्याकाळी ती रडत एकटीच खांडबाऱ्याला परतली. दुसऱ्या खेपेलाही तेच.

तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं. हा हट्टी म्हातारा एक दिवस असाच पडून जाईल आणि आम्ही नुसते बघत बसू! मागच्या दारानं देवघरात शिरलो, घंटी दोनदा वाजवली आणि साळसूदपणे पुढे ओट्यावर आलो.

जिभाऊंनी डोळे उघडले. "मास्तर, तुम्हीच वाजाडी ना?"

"छे हो, मी कशाला..."

"तिन्ह्या पहिले बांगड्या वाजेत, मंग घंटी. आज बांगड्या नही वाजन्यात."

"म्हणजे वहिनी वाजवायच्या हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी देवले इचारू, देव तिले सांगे," ते म्हणाले. "आते तो कोनले सांगी?"

इतकी वर्षं मी या माणसाला भोळा समजत होतो.

वैशू दारातच उभी होती, सगळं ऐकत. डोळे पुसून आत गेली. आतून आधी बांगड्या वाजल्या. मग घंटी. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा.

जिभाऊंनी उपरण्यानं तोंड पुसलं, पिशवी काखेत मारली आणि आत हाक दिली.

"चाल वं माय. गाडी भलती लेट व्हयी गयी."