जप्त केलेलं लग्न

तेवीस हप्ते थकल्यावर बँकेनं उद्धव खरमाटेचं लग्न जप्त केलं. लग्न सात वर्षांचं होतं, वापरातलं होतं, पण स्थिती चांगली होती, असं पंचनाम्यात लिहिलेलं आहे.

वसुली विभागाच्या मिस्कीनबाई मंगळवारी सकाळी अकराला आल्या. बरोबर दोन हमाल होते, आणि पंच म्हणून खालच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. उद्धव नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून होता. त्या दिवशी तो रजा काढून घरी थांबला होता, कारण नोटिशीत तारीख दिलेली होती आणि नोटीस त्यानं बायकोला दाखवली नव्हती. शैलजा खिडकीपाशी मशीनवर कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होती.

"काय जप्त करताय?" तिनं विचारलं.

"लग्न," मिस्कीनबाई म्हणाल्या. "तारण तेच आहे."

"मग माझी सही नको का?"

"मूळ कर्ज लग्नाआधीचं आहे, ताई. तेव्हा तुम्ही यांच्या कुणी नव्हता."

शैलजानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "अहो, किती महिने झाले?"

"तेवीस," उद्धव म्हणाला. "सांगणार होतो."

हमालांनी लग्न उचललं. लग्न दिसायला मोठं असतं, पण वजनाला तसं फार नसतं. जिन्याच्या वळणावर ते भिंतीला घासायला लागलं, तेव्हा शैलजा उठून दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "कोपरा सांभाळा जरा."

टेम्पो गेल्यावर तिनं चहा ठेवला. डबा उघडून ती थांबली आणि तिनं विचारलं, "तुम्हाला साखर किती?" तिला ते माहीत होतं. पण न विचारता घालायचा हक्क आता राहिला नव्हता.

"दीड चमचा," उद्धव म्हणाला.

"खरमाटे," ती म्हणाली, "मशीन माझी आहे. ती मी संध्याकाळी भावाकडे नेते." तिच्या तोंडून आडनाव त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. मशीन खाली उतरवायला त्यानं मदत केली, तेव्हा ती "थँक्यू" म्हणाली.

आता हे कर्ज कसं झालं, तेही सांगायला हवं. उद्धवनं दीड लाख मागितले होते. मार्चचा शेवटचा आठवडा होता. कर्ज विभागाचे बिडकरसाहेब अर्ज बघून हसले होते.

"दीड लाखात हल्ली मांडव तरी होतो का? सहा घ्या."

"साहेब, माझा पगार…"

"शिकवण्या घेता ना?"

"नाही."

"घेऊ तर शकता," असं म्हणून बिडकरसाहेबांनी उत्पन्नाच्या रकान्यात शिकवण्यांचे बारा हजार लिहिले. उद्धवनं ते वाचलं. पेन त्याच्या हातात होतं. त्यानं सही केली, आणि खरं सांगायचं तर घरी जाताना त्याची मान थोडी ताठ होती. ज्या माणसाला बँक सहा लाख देते, त्याच्यात काहीतरी असेलच, असं त्याला वाटलं.

मग लग्नात सोलापूरहून घोडा आला. दोन बँड आले, आणि ते दोन्ही एकाच वेळी वाजले. चौदाशे माणसं जेवली. त्यातल्या निम्म्यांना उद्धव ओळखत नव्हता, आणि ती त्याला ओळखत असावीत असंही दिसलं नाही. पुढं तीन वर्षं हप्ते गेले. मग दोन चुकले, तेव्हा बँकेनं स्वतःहून बोलावून जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज दिलं. तेही त्यानं घेतलं, आणि दोनेक वर्षांनी तेही थकलं. पुढच्या नोटिशी तो ऑफिसच्या कपाटात, फुटक्या पाइपांच्या तक्रारींच्या फायलीत ठेवत गेला. तिथं कुणी बघत नसे.

जप्तीनंतर चार दिवसांनी तो बिडकरसाहेबांना भेटायला मुख्य कार्यालयात गेला. त्यांना बढती मिळाली होती. त्यांनी त्याला ओळखलं आणि पाणी मागवलं.

"तुम्ही मला इतकं द्यायला नको होतं, साहेब."

"नको होतं," बिडकर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या आठवड्यात मी एकोणचाळीस लग्नांना कर्ज दिलं. त्यातली सोळा आता गोदामात आहेत. मला झोप लागते असं समजू नका."

"मग?"

"मग काही नाही. आमच्याकडे रीत होती, माणूस दोनदा नको म्हणाला की सोडून द्यायचा. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, खरमाटे."

उद्धवनं ग्लासातलं पाणी संपवलं. हे खोटं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

लिलाव पुढच्या महिन्यात बँकेच्या सभागृहात झाला. आधी दोन मोपेड आणि एक झेरॉक्स मशीन गेली, मग लग्नं निघाली. थकबाकीदाराला हजर राहता येतं, बोली लावता येत नाही. उद्धव मागच्या रांगेत बसला. थोड्या वेळानं शैलजा आली आणि मधली एक खुर्ची सोडून बसली.

त्यांचं लग्न बघायला एक जोडपं पुढं आलं. मुलगा खासगी दवाखान्यात कंपाउंडर होता, नाव पाटणे. बरोबर त्याची ठरलेली मुलगी होती. नवीन लग्न परवडत नाही आणि चांगलं चाललेलं मिळालं तर बरंच, असं पाटणे मिस्कीनबाईंना सांगत होता. मुलीनं लग्न चारी बाजूंनी पाहिलं, मग मागं वळून विचारलं, "हे तुमचंच का?"

"होतं," शैलजा म्हणाली.

"भांडणं किती होतात यात?"

"फार नाही. पण एकदा अबोला धरला की तीन दिवस जातात. तेवढं बघून घ्या."

"आणि रविवारी?"

शैलजानं उद्धवकडे पाहिलं. उत्तर त्यानं दिलं. "रविवारी सकाळी मंडईत जायचं. येताना पिशवी आळीपाळीनं धरायची. दुपारी ह्या… ह्या बाई पेपर मोठ्यानं वाचतात. छोट्या जाहिरातीसुद्धा."

"छान आहे," मुलगी पाटणेला हळूच म्हणाली.

बोली चाळीस हजारांपासून सुरू झाली. पाटणेनं पंचेचाळीस म्हटलं. शैलजानं हात वर केला आणि पन्नास म्हणाली. उद्धव दचकला. शैलजा कर्जदार नव्हती, त्यामुळे हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. पासष्टला पाटणेनं खिशातून कागद काढून हिशेब केला. सत्तरला मुलीनं त्याच्या दंडाला हात लावला. शैलजा अठ्ठ्याहत्तरपर्यंत गेली. पाटणे ऐंशी म्हणाला. तिनं पर्स उघडली, आत पाहिलं आणि बंद केली.

"ऐंशी एकवार," मिस्कीनबाई म्हणाल्या, आणि नियमाप्रमाणे तीनदा म्हणून थांबल्या.

पाटणेनं लग्न रिक्षात घातलं. ते नीट बसेना, म्हणून मुलीनं ते मांडीवर घेतलं. फाटकापर्यंत ती ते दोन्ही हातांनी धरून होती.

"एवढे पैसे होते तुमच्याकडे?" उद्धवनं विचारलं.

"शिलाईचे. सात वर्षांतले." ती पायरीवर उभी होती. "दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर तेव्हाच भरले असते मी."

"लाज वाटली."

"माझी?"

तिनं पर्स खांद्याला लावली आणि ती बसस्टँडकडे गेली.

लिलावाचे ऐंशी हजार वजा जाऊन कर्ज तीन लाख चाळीस हजार उरलं. लग्न गेलं तरी कर्ज ज्याचं त्याच्याकडे राहतं, आणि ते फिटेपर्यंत त्या माणसाला दुसरं लग्न लागत नाही. उद्धवनं खोली सोडून ऑफिसमागं एक लहान खोली घेतली आणि संध्याकाळच्या शिकवण्या सुरू केल्या. महिन्याला साडेचार हजार मिळू लागले. दर पाच तारखेला तो रांगेत उभा राहून हप्ता भरू लागला. आता एकही चुकला नाही.

मंडईत एकदा त्याला पाटणे पती-पत्नी दिसले. पिशवी तिच्या हातात होती. मग कोपऱ्यावर ती त्यानं घेतली. उद्धव भाजीच्या गाड्याआड थांबला आणि ते गेल्यावर कांदे न घेताच परतला.

पुढच्या पाच तारखेला बँकेच्या रांगेत शैलजा त्याच्या पुढं उभी होती. तिच्या हातात त्याच्या खात्याची स्लिप होती आणि स्लिपवर दोन हजार लिहिलेले होते.

"तुम्ही कशाला?" तो म्हणाला. "सही माझी आहे. तुम्हाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

"नव्हतं विचारलं," ती म्हणाली. "पण घोडा येताना दिसला तेव्हा मला आवडलं होतं. हे कुठून आलं, असं मीही विचारलं नाही."

रांग पुढं सरकली. कॅशियरनं स्लिप पाहून परत केली. दुसऱ्याच्या खात्यात भरणा करताना नात्याचा रकाना भरावा लागतो, तो तिनं मोकळा ठेवला होता. शैलजानं उद्धवचं पेन मागून घेतलं, जरा विचार केला आणि त्या रकान्यात लिहिलं, "लग्नात जेवले होते."

कॅशियरनं ते वाचलं आणि शिक्का मारला. "पुढच्या महिन्यात पाचला रविवार येतोय," तो दोघांना म्हणाला. "सहाला या."