खैरनार साहेबांची खुर्ची

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले खैरनार साहेब टीव्हीकडे पाठ करून मॅच बघतात. बघतात म्हणजे काय, ऐकतात. पण नुसतं ऐकायचं तर रेडिओ पुरला असता. यांनी अर्धी भिंत अडवणारा टीव्ही घेतलाय, तो स्वतःच्या हाताने पुसतात, मॅचच्या आधी चित्र नीट येतंय ना याची खात्री करतात, आणि मॅच सुरू झाली की खुर्ची उचलून उलटी फिरवतात आणि बाल्कनीच्या पडद्याकडे तोंड करून बसतात. पडद्यावर निळी फुलं आहेत. कित्येक वर्षं हा माणूस बेसबॉलच्या नावाखाली निळी फुलं बघत आलाय.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते फजरची नमाज पढून मशिदीतून परतताना. उन्हाळ्यात इथे आखातात, आमच्या सलव्यात, पहाटेच सदरा अंगाला चिकटतो. यांचा एसी बिघडला होता म्हणून दार सताड उघडं होतं. आत वहिनी सोफ्यावर बसून मेथी निवडत टीव्ही बघत होत्या आणि साहेब पडद्याकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, नवरा-बायकोचं वाजलेलं दिसतंय. मी मान खाली घालून किल्ली शोधायला लागलो, तर आतून आवाज आला, "इक्बालभाई, या, चहा घ्या. मॅच रंगात आलीये."

आता मी पडलो मंदूब. म्हणजे कंपनीचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरायचं आणि शिक्के मिळवायचे. निम्मा दिवस खिडकीसमोर आपला नंबर येण्याची वाट बघण्यात जातो, आणि वाट बघणारा माणूस दुसऱ्यांकडे बघणार नाही तर काय करणार? चौकसपणा माझ्या पगारात धरलेला आहे. घरी येऊन बायकोला, शाहिदाला, सांगितलं. ती म्हणाली, मान आखडली असेल. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे आमचा इजिप्शियन राखणदार, म्हणाला की साहेबांना टीव्हीतल्या किरणांची भीती असावी. मला दोन्ही पटलं नाही. मान आखडलेला माणूस टीव्हीसमोरून खुर्ची उचलत नाही, आणि किरणांना घाबरणारा टीव्ही विकत घेत नाही.

त्यातून हा माणूस न बघणाऱ्यातला नव्हेच. बघणं हाच त्यांचा धंदा. मूळ नाशिकचे, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्पेक्शन इंजिनिअर. पाइपाच्या जोडात, टाकीच्या पत्र्यात, लोखंडाच्या आत कुठे केसाएवढी चीर आहे ते शोधून काढायचं. "बाहेरून सगळंच गोड दिसतं हो, आत काय आहे ते बघा," हे त्यांचं पालुपद. आणि नापसंतीला एकच शब्द: "रिजेक्ट!"

हे काम ते रिफायनरीत ठेवून आले असते तर प्रश्न नव्हता. शुक्रवारच्या बाजारात ते कलिंगड घ्यायला उभे राहिले की विक्रेता कपाळाला हात लावतो. सगळा ढीग बोटाने वाजवून होतो आणि एकही पसंत पडत नाही. मग विक्रेता हात जोडून म्हणतो, "खलास, उस्ताद, खलास!" गणपतीच्या कार्यक्रमात मंडळाने स्टेज बांधलं, तर हे आरती सोडून स्टेजखाली शिरले. शाहिदाने हौसेने तांदळाची भाकरी पाठवली, ती त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, आणि पास केली. त्या दिवशी शाहिदा फार खूश होती. मी म्हटलं, अगं, चीर नाही म्हणून पास केलीय, चवीसाठी नव्हे. वहिनी सांगतात, लग्नात यांनी माझ्याकडे बघायच्या आधी पाटाचे खिळे बघितले.

असा हा माणूस, आणि टीव्हीवर पोटचा पोरगा खेळत असताना पाठ करून बसतो!

हो, पोरगाच. ओंकार. खैरनारांचा एकुलता एक, अमेरिकेत धंदेवाईक बेसबॉल खेळतो. पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारा. आपल्याकडच्या बोलरसारखा, फक्त हा पळत येत नाही. मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहतो आणि जागच्या जागी अंगाला पीळ देऊन असा काही चेंडू फेकतो की समोरच्याला दिसेपर्यंत तो मागच्याच्या हातमोज्यात गेलेला असतो. ही माहिती मला वहिनींनी पुरवली. बाकीची गोष्टसुद्धा त्यांनीच सांगितली, साहेब कामावर गेलेले असताना. मी एकदा सरळ विचारलंच, "वहिनी, राग मानू नका, पण साहेब बघत का नाहीत?"

वहिनींनी हातातलं काम खाली ठेवलं. "त्यांना पोरानेच सांगितलंय," त्या म्हणाल्या.

ओंकार सलव्यात एका इंग्रजी शाळेत होता. रिफायनरीतल्या अमेरिकन मंडळींनी आपल्या मुलांसाठी अहमदीला बेसबॉलचं मैदान केलं होतं. वर्गमित्रांच्या नादाने हाही जाऊ लागला. खैरनार साहेब स्वतः नाशिकला क्लबकडून फास्ट बोलिंग टाकलेले. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी बघितलं की पोरगा कोपर वाकवून चेंडू फेकतोय. क्रिकेटमध्ये हे पाप! साहेब जाळीला धरून ओरडले, "फेकतोय! फेकतोय! नो बॉल!" तेही स्वतःच्या पोराविरुद्ध. अमेरिकन बायका घाबरून बघायला लागल्या. या खेळात फेकायचंच असतं हे पटायला त्यांना बराच काळ लागला. पण पटल्यावर त्यांनी हा खेळ पार उकलून काढला, आणि मग पोराचे हाल सुरू झाले.

दर मॅचनंतर अहमदीहून सलव्यापर्यंत गाडीत तपासणीचा अहवाल. खांदा लवकर उघडला. पाऊल आडवं पडलं. मनगट सैल. पोरगा जिंकून आला तरी अहवाल तोच. वहिनी म्हणायच्या, अहो, जिंकलाय तो! तर उत्तर तयार: "बाहेरून गोड दिसतंय."

ओंकार चौदाचा असताना फायनल होती. मॅचच्या आधी तो जाळीपाशी आला. "बाबा, प्लीज," तो इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही बघू नका. तुम्ही बघताय हे माहीत असलं की माझा हात चालत नाही."

वहिनी बाजूलाच होत्या. त्यांना वाटलं, आता हे भडकणार. पण साहेब जागच्या जागी वळले आणि पार्किंगकडे तोंड करून उभे राहिले. मॅच संपेपर्यंत हलले नाहीत. आणि ओंकारने त्या दिवशी असा चेंडू टाकला की समोरची पोरं बॅट हवेतच फिरवत राहिली.

झालं. तेव्हापासून साहेब प्रत्येक मॅचला जायचे आणि पार्किंग बघत उभे राहायचे. अहमदीतल्या पालकांच्या गाड्यांचे टायर त्या काळात कधी नव्हे इतके सुस्थितीत होते, कारण साहेब उभ्या उभ्या प्रत्येकाला दोष सांगायचे. ओंकारला वाटायचं, बाबांना टायरचाच नाद लागलाय.

पुढे ओंकार टेक्ससला मावशीकडे गेला, तिथल्या शाळेतून खेळला, मग कॉलेजात स्कॉलरशिप मिळाली. एका व्यावसायिक संघाने उचलला, पण उचलला म्हणजे पोचला असं नव्हे. तिथे आपल्या सरकारी नोकरीसारख्या पायऱ्या आहेत. तळाला छोट्या गावांतले छोटे संघ, ज्यांच्या मॅच साहेब इंटरनेटवरून टीव्हीवर लावायचे. रात्रभर बसचा प्रवास, एका खोलीत चार-चार जण, आणि जेवायला ब्रेडला लावलेलं शेंगदाण्याचं लोणी. एकेक पायरी चढायची, आणि वरून बोलावणं येईपर्यंत थांबायचं. बहुतेकांना ते येतच नाही. हे ऐकून मला या पोराबद्दल आपुलकी वाटली. बोलावण्याची वाट बघणं काय असतं ते मंदूबला कळतं.

मधेच त्याचं कोपर गेलं. आतला स्नायुबंध फाटला. मनगटातली शीर काढून कोपरात बसवली, वर्षभर खेळ बंद. साहेब रजा टाकून गेले आणि दवाखान्यात बाहेर बसून राहिले. कोपराचे एक्स-रेसुद्धा बघायला मागितले नाहीत. परत आल्यावर मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "इक्बालभाई, आयुष्यभर लोखंडाच्या आतल्या चिरा शोधल्या हो मी. घरातली दिसली नाही." मी म्हटलं, अल्ला बरं करेल. ते म्हणाले, "हो, त्यांचे डॉक्टरही चांगले आहेत."

तर असा तो पोरगा पुन्हा उभा राहिला, आणि यंदा उन्हाळ्यात त्याला वरून बोलावणं आलं. सगळ्यात वरच्या लीगमध्ये. हारिसपासून बकाल्यातल्या, म्हणजे खालच्या किराणा दुकानातल्या, मल्याळी पोरापर्यंत सगळ्यांना साहेबांनी पेढे वाटले. पेढ्यांना रिजेक्ट केलं नाही, यावरून आनंद समजा.

त्याच्या पहिल्या मॅचच्या पहाटे मी आणि शाहिदा दोघंही त्यांच्याकडे गेलो. साहेबांनी चित्र तपासलं आणि खुर्ची उलटी फिरवली. मी म्हटलं, "साहेब, आज तरी!" त्यांनी नुसता हात हलवला. ओंकार शेवटाकडे आला, तीन फलंदाज बाद करायचे होते, तिघेही केले. वहिनी रडायला लागल्या. शाहिदा त्यांना धरून बसली. साहेब पडद्याकडे बघत टाळ्या वाजवत होते.

थोड्या वेळाने ओंकारचा व्हिडिओ कॉल आला. मागे गलका, त्याचे केस ओले. "बाबा, डिड यू सी इट?"

"बघितलं कुठलं?" वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "नेहमीसारखे पाठ करून बसले होते."

"व्हॉट डू यू मीन, नेहमीसारखे?" ओंकारला कळेना. वहिनींनी सांगितलं. पोराचा चेहरा उतरला. त्याला आठवतच नव्हतं. मग आठवलं. "बाबा! आय वॉज फोर्टीन! दॅट वॉज जस्ट फॉर वन मॅच!"

साहेब फोनकडे बघत राहिले. "एका मॅचपुरतं होतं होय," एवढंच म्हणाले. फोन बंद झाल्यावर ते चहा करायला आत गेले आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. मला त्या माणसाची इतकी दया आली की मी त्या दिवशी कचेरीत खिडकीवर कुणाशी भांडलोसुद्धा नाही.

काही दिवसांनी साहेब आमच्या दाराशी आले. चष्मा नवा होता. "उद्या पहाटे या," म्हणाले. "बघणार आहे."

खुर्ची टीव्हीसमोर होती. सरळ बसलेले साहेब मला अनोळखीच वाटले. बराच वेळ ओंकार आला नाही. मग आला, दाढीवाला, खांद्यांनी रुंद, आणि उंचवट्यावर उभा राहिला. साहेब पुढे झुकले.

"हा कधी एवढा मोठा झाला?"

"अहो, हिवाळ्यात इथेच जेवत होता की तुमच्यासमोर!" वहिनी म्हणाल्या.

"जेवताना नाही गं. टाकताना. माझ्या डोक्यात अजून तो लहानगाच टाकत होता. कानांवर येणाऱ्या टोपीतला."

ओंकारचा दिवस वाईट होता. दोन जणांना त्याने बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवर, जाऊ दिलं, आणि तिसऱ्याने चेंडू असा मारला की तो थेट प्रेक्षकांत. होमरन. हातातली मॅच गेली. साहेब ताडकन उठले आणि खुर्चीचे हात धरून ती फिरवायला लागले.

"खुर्ची ठेवा," वहिनी म्हणाल्या.

"माझ्यामुळे झालं ते. मी बघितलं म्हणून..."

"तुमच्यामुळे काही झालेलं नाही. खाली ठेवा ती, बसा, आणि बघा."

वहिनींचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. साहेब बसले. टीव्हीवर मॅनेजर मैदानात आला, ओंकारच्या हातातला चेंडू काढून घेतला. पोरगा मान खाली घालून चालत गेला आणि बाकाच्या टोकाला एकटाच बसला. त्याने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. कॅमेरा तिथेच थांबला होता.

"असा किती वेळा बसला असेल गं हा?" साहेबांनी विचारलं.

"पुष्कळदा."

"आणि मी एकदाही बघितला नाही."

वाईट दिवशी ओंकार कुणाचा फोन घेत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. तरी मॅच संपल्यावर साहेबांनी लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. या खेपेला उचलला गेला.

"बघितलं मी," साहेब म्हणाले.

पलीकडून ओंकारचा आवाज आला, आणि तो मराठीत होता. लहानपणापासून घरच्यांना इंग्रजीत उत्तरं देणारा तो पोरगा म्हणाला, "किती घाण टाकला ना, बाबा?"

आता हा माणूस काय बोलतो, म्हणून मी श्वास धरून बसलो. खोटं त्यांना बोलता येत नाही.

"हो रे," साहेब म्हणाले. "फारच घाण टाकलास."

पलीकडे तो हसायला लागला. हसता हसता नाक ओढल्याचाही आवाज आला. "सांगा मग," तो म्हणाला. "काय चुकलं? खांदा? पाऊल?"

"ते तुझा कोच बघेल की," साहेब म्हणाले. "मी नुसता तुला बघत होतो."

वहिनी उठून आत गेल्या. मीही उठलो, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.