साठ गुणांचं घर

आईने भिंत रंगवून घेतली होती. गेल्या पुराची कमरेएवढी खूण जिथे उमटली होती, तिथे तर तिने रंगाचे दोन हात जास्त मारायला लावले होते.

"आई, हे काय केलंस? त्या खुणेला दहा गुण होते!"

"पालिकेचा माणूस येणार म्हटल्यावर घर कळकट ठेवू का?"

पालिकेचा माणूस म्हणजे तिचाच मुलगा. नदीकाठच्या वस्तीत पुराचा धोका कोणाला किती, हे घरोघरी फॉर्म भरून ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. जितकी अडचण जास्त, तितके गुण जास्त. साठ गुण झाले की उंचावरच्या इमारतीत घर. आईला तिथे न्यायचंच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

पण आपली अडचण चारचौघांत सांगायची आईला सवयच नव्हती.

"गुडघे दुखतात?"

"छे!" म्हणत ती स्टुलावर चढली. उतरता येईना, तेव्हा शेजारीण धावत आली. तिनेही आईचीच री ओढली.

"मावशी अगदी ठणठणीत आहेत हो, साहेब!"

साहेबांनी कपाळावर हात मारला आणि डोळ्यांनी दिसलं तेच लिहिलं. होता होता पन्नास गुण झाले. शेजारीण चुलीवरचं बघायला गेली. एकच प्रश्न उरला.

"पूर आला तर धावून येणारं कोणी आहे?"

"आहे की. मुलगा."

"गेल्या वेळी तुला बाहेर कोणी काढलं?"

"दूधवाल्याने. मुलाला कामं होती. पुराचीच."

"फोन तरी केला होता त्याने?"

"तिसऱ्या दिवशी केला. लाइन लागत नसेल बिचाऱ्याला."

लाइन लागत होती. त्यानेच लावली नव्हती. त्याला मान वर करवेना. त्याने खाली बघूनच लिहिलं, 'कोणी नाही'. साठ गुण पुरे झाले आणि त्याने फॉर्म सहीसाठी पुढे केला.

आईने चष्मा लावून सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर तिचा चेहरा उतरला. त्याच्या हातातलं पेन घेऊन तिने ते दोन शब्द खोडले, वर ठसठशीत अक्षरात 'मुलगा आहे' असं लिहिलं आणि सही केली.

"आई, दहा गुण गेले! घर गेलं!"

"जाऊ दे," आईने पेन त्याच्यापुढे ठेवलं. "माझ्या मुलाबद्दल असं लिहिणारा तू कोण?"