केरोबाची एकशे आठवी टेप

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांनाच कान होते. केरोबा सशाला जरा जास्तच होते.

इतके लांब, इतके मऊ कान देवानं दुसऱ्या कुणाला दिले नव्हते. पलीकडच्या माळावर गवताचं पातं वाकलं तरी केरोबाला कळायचं. देवानं एवढं दिलंय तर ते जपून ठेवावं, म्हणून केरोबानं एक रेकॉर्डर आणला आणि ऐकायचं काम त्याच्यावर सोपवलं.

त्याच जंगलात रंगा साळिंदर होता. त्याला सगळे रंगादादा म्हणायचे. रंगादादा विजेची गिटार वाजवायचा. झोपडीएवढे स्पीकर लावायचा. तो वाजवायला लागला की झाडांची पिकली पानं गळायची, आणि थोडी हिरवीसुद्धा. पन्नास वर्षं त्याचं हेच चाललं होतं. त्यात त्याचा डावा कान गेला, दोन्ही गुडघे गेले. गिटार मात्र राहिली.

तारा छेडायला तो आपल्याच पाठीचा काटा उपटायचा. एका कार्यक्रमाला एक काटा.

"दुखत नाही का हो, दादा?" कुणीतरी विचारायचं.

"दुखतं की! नाहीतर कोण एवढ्या जोरात वाजवेल?"

त्याचं सगळ्यात गाजलेलं वादन म्हणजे 'वणवा'. बावीस मिनिटांचं. पण त्याची एक रीत होती. वणवा तो आपणहून कधीच वाजवायचा नाही. शेवटी विचारायचा, "बोला, काय लावू?" मग सगळ्यांनी तीनदा ओरडायचं, "वणवा! वणवा! वणवा!" तेव्हा कुठे सुरुवात व्हायची. आग कुणी मागितल्याशिवाय लावू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

तर केरोबानं व्रत घेतलं. रंगादादाच्या एकशे आठ कार्यक्रमांच्या टेपा जमवायच्या, त्याही उत्तम दर्जाच्या. मग उद्यापन.

व्रत म्हटलं की नेम आले. मी स्वतः चातुर्मासात कांदा सोडते आणि ते चार महिने माझ्या मनात कांद्याशिवाय दुसरं काही येत नाही. तेव्हा केरोबाला हसायचा मला अधिकार नाही. तुम्ही हसा.

केरोबाचे नेम असे. कार्यक्रमात टाळी वाजवायची नाही. मान डोलवायची नाही, कारण कानांचा वारा माइकला लागतो. डोळे सतत रेकॉर्डरच्या लाल दिव्यावर ठेवायचे, रंगादादाकडे बघायचं नाही. घरी आल्यावर मोठे हेडफोन लावून टेप तपासायची. तपासायची म्हणजे ऐकायची नाही हं! कुठे खरखर आहे का, एवढंच बघायचं. मग ती सुकलेल्या भोपळ्याच्या डबीत ठेवायची आणि डबीवर चिठ्ठी चिकटवायची.

"एकोणिसावी : बरी. मागे टिटवी."

"त्रेसष्टावी : उत्कृष्ट. पण चौथ्या मिनिटाला भीमण्णा गव्याचा खोकला."

सगळ्यात जुन्या डबीवर लिहिलं होतं, "पहिली : टाकाऊ. कुणीतरी गाढव सारखा पाय आपटतोय."

ही केरोबाच्या लग्नाच्या वर्षाची टेप. पाय कोण आपटत होतं ते केरोबाच्या बायकोला, भागीरथीला, चांगलं ठाऊक होतं. ती त्याच्या शेजारीच उभी होती. त्या पायांवर भाळूनच तर तिनं होकार दिला होता. पण ती बोलली नाही.

कधीतरी सणावाराला मात्र म्हणायची, "अहो, आज एखादी टेप लावा ना."

"मूळ टेप लावायची नसते. दर्जा उतरतो."

"मग तिची नक्कल लावा."

"नकलेला दर्जाच नसतो!"

मग भागीरथी पुरणाला लागायची.

असं करता करता एकशे सात टेपा झाल्या. पण केरोबाच्या मनात एक काटा होता. त्याच्याकडे स्वच्छ असा एकही वणवा नव्हता. प्रत्येक वणव्याच्या आधी लोक बेंबीच्या देठापासून ओरडलेले. केरोबा घरी आला की पहिल्यांदा ते ओरडणं कातरून टाकायचा, पण तिथे जोडाची खरखर उरायचीच. इतकी वर्षं कातरलं, की वणवा ओरडण्यानंच सुरू होतो हे तो साफ विसरून गेला.

आणि एके दिवशी रंगादादानं जाहीर केलं, "पौर्णिमेला दुपारी चार वाजता शेवटचा कार्यक्रम. पाठीवर एकच मोठा काटा उरलाय. तो वणव्यासाठी ठेवलाय. नंतर मी झोपणार."

केरोबाचे कान ताठ झाले. एकशे आठवी टेप! आणि पुन्हा कधीच न मिळणारा वणवा!

तो घरोघर फिरला. प्रत्येकाच्या हातावर पाणी घालून त्यानं मौनाचं व्रत दिलं. लाल दिवा जळतोय तोवर कुणी ब्र काढायचा नाही.

"टाळी?" माकडांनी विचारलं.

"नाही."

"शिट्टी?"

"अरे देवा! नाही!"

"मला खोकला आला तर?" भीमण्णा गवा काळजीत पडला.

"हा ज्येष्ठमध तोंडात धर. आला तर गीळ."

"ज्येष्ठमध?"

"खोकला!"

टिटवीला त्यानं चार दिवस माहेरी पाठवलं. शेवटी भागीरथीच्या हातावर पाणी घातलं. ती म्हणाली, "अहो, पण शेवटी दादा विचारतील तेव्हा..."

"श्श! आत्तापासून सवय कर."

भागीरथीनं आयुष्यात एकही व्रत मोडलं नव्हतं.

पौर्णिमा आली. चार वाजता सगळं जंगल मैदानावर जमलं. केरोबानं माइक उभा केला, बटण दाबलं, लाल दिवा लागला. सगळं जंगल चिडीचूप.

रंगादादा लंगडत आला. मागच्या कार्यक्रमाच्या झिजल्या काट्यानं पहिलं वादन झालं. टाळी नाही. दुसरं झालं. शिट्टी नाही. त्यानं आपला चांगला कान पुढे केला, मग वाकून गिटारची वायर ओढून बघितली.

"काय रे? मेलात की काय सगळे?"

कुणी हसलं नाही. भीमण्णा ज्येष्ठमध चघळत ढसाढसा रडत होता, पण आवाज न करता.

रंगादादानं तिसरं वाजवलं, चौथं वाजवलं. मग पाठीमागे हात नेऊन तो शेवटचा मोठा काटा उपटला. तो उंच धरून त्यानं विचारलं, "बोला, काय लावू?"

आणि तेव्हा, बाळांनो, केरोबाला आठवलं.

सगळ्या जंगलानं केरोबाकडे पाहिलं. केरोबानं लाल दिव्याकडे पाहिलं. त्यानं फक्त एकदा ओरडायचं होतं. बाकीचे दोनदा आपोआप ओरडले असते. त्यानं तोंड उघडलं. पण मग त्याचा स्वतःचाच आवाज टेपवर आला असता, आणि तोही माइकच्या इतक्या जवळून!

त्यानं तोंड मिटलं.

"काहीच नको?" रंगादादानं विचारलं. मग त्यानं काटा स्टेजवर ठेवला, गिटार त्याच्या शेजारी ठेवली आणि म्हणाला, "खरं आहे. म्हाताऱ्यानं फार ताणू नये." तो लंगडत उतारावरून निघाला.

केरोबानं घाईनं बटण दाबलं. लाल दिवा विझला. त्यानं तिथेच बसून कानांवर हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि टेप तपासायला घेतली.

दिवा विझला म्हणजे व्रत सुटलं. हे सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं असेल? जिला व्रतं ठाऊक होती तिच्या.

भागीरथी बाकावर चढली आणि तीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडावं तशी ओरडली, "वणवा!"

मग माकडं ओरडली. मग सगळं जंगल ओरडलं. भीमण्णा तर ओरडला आणि खोकलाही. रंगादादाच्या गेलेल्या कानालासुद्धा ते ऐकू आलं. तो मागे वळला. लंगडत नव्हे, धावत आला.

"मग इतका वेळ काय झालं होतं रे, भामट्यांनो?"

आणि त्यानं वणवा लावला.

भागीरथीनं केरोबाला गदागदा हलवलं. त्यानं डोळे न उघडताच हात झटकला. "श्श! तपासतोय!"

बावीस मिनिटांचा वणवा त्या दिवशी चाळीस मिनिटं चालला. कुणी म्हणतं पन्नास. मोजलं कुणीच नाही. शेवटच्या सुरावर काटा कडकन मोडला आणि रंगादादा गिटार पोटाशी धरून हसत खाली बसला. तो अर्धा काटा त्यानं भागीरथीला दिला.

केरोबा तपासतच होता. टाळी नाही, शिट्टी नाही, खोकला नाही. फक्त एकच गोष्ट त्याला छळत होती. कुठूनतरी धप्, धप्, धप् असा धक्का येत होता. त्यानं टेप मागे घेतली, पुढे नेली. टेपमध्ये तो कुठेच नव्हता. शेवटी त्यानं डोळे उघडून खाली पाहिलं.

त्याचाच पाय होता. जमिनीतून येणाऱ्या वणव्यावर आपला आपण आपटत होता, लग्नाच्या वर्षी आपटायचा तसाच.

केरोबानं तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

भागीरथीनं ते लांबून पाहिलं. घरी जाऊन तिनं देवापुढे साखर ठेवली. अजून आशा होती.

उद्यापन थाटात झालं. जेवायला आलेल्या शेजारच्या जंगलातल्या संग्राहकांनी एकशे आठवी टेप हेडफोन लावून तपासली आणि एकमतानं सांगितलं, की एवढी निर्मळ टेप आजवर झाली नाही, विशेषतः "काहीच नको?" च्या आधीची शांतता तर अप्रतिम आहे.

तात्पर्य : बाळांनो, गाण्याला जाल तेव्हा कान नीट झाकून घ्या. नाहीतर गाणं आत शिरतं, पाय आपटायला लागतात आणि टेप खराब होते. आणि इतकं करूनही पाय ऐकत नसेल, तर दोन्ही हातांनी धरा. हात तसेही मोकळेच असतात. टाळी वाजवायची नसतेच.