'घर' सोडण्याची विनंती

माझ्या ॲपला भगदाड पाडणारा अजून जन्माला यायचाय, असं मी त्या सकाळी आमच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. साहेब बिचारे नखं खात होते. आमची कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि एक कॉफीचं यंत्र. हे काम हातचं गेलं, तर यंत्रासकट गाशा गुंडाळायचा.

काम होतं बरेच दवाखाने चालवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचं. डॉक्टरांनी पेशंटपाशी उभं राहून फोनवर टिपण लिहायला घ्यावं, मग टेबलाशी येऊन बसावं, तर अर्धं वाक्य तिथल्या कॉम्प्युटरवर आधीच येऊन बसलेलं असावं. आणि भलत्या माणसाला त्यातलं अक्षरही दिसू नये. म्हणून मी कुलपंच तशी घातली होती. एखादं साधन जोडायचं किंवा तोडायचं, तर आधी जोडलेल्या साधनावरून होकार हवा.

आता वस्तू झकास झाली की घरी मिरवल्याशिवाय राहवतं का? मी माझ्या खात्यात हॉलमधला टीव्ही जोडला, रिमोटमध्ये बोललं की पडद्यावर अक्षरं उमटतील अशी सोय केली आणि त्या सगळ्या गोतावळ्याला 'घर' असं नाव दिलं. सासू-सासरे मुक्कामाला होते. सासरे रिमोटमध्ये "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि स्वतःचं हॅलो वाचून लहान मुलासारखे खूश झाले. पुढे त्याच खात्यात मी ऑफिसातला मोठा पडदाही जोडला. वेगळं खातं काढायचं राहून गेलं. राहून कसलं, कंटाळा केला.

तर डॉक्टरीणबाई येऊन बसल्या. मी फोन काढला. वाक्य फोनमधून निघून पडद्यावर जाणार, तेव्हा मजकूरही प्रसंगाला साजेसा हवा म्हणून लिहिलं, "मी आता इथून कायमचा निघतोय. शोधत बसू नका."

वाक्य पडद्यावर पोचलं. बाईंनी मान डोलावली. आणि त्याच्याखाली आपोआप अक्षरं उमटू लागली.

"अगं इकडे ये, जावईबापू निघाले."

"कुठे निघाले अहो? डबा तर नेलाय."

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"नमुन्याचे पेशंट," साहेब म्हणाले.

मी पटकन घरी फोन लावला. बायकोने फोन उचलला नाही. सासरे बॅटरी वाचावी म्हणून फोन बंदच ठेवतात. शेवटी मी 'बाहेर पडा'वर बोट ठेवलं. घरच्या टीव्हीवर काय दिसलं असेल ते मला तोंडपाठ होतं, मीच लिहिलेलं ते : 'घर' सोडण्याची विनंती. मंजूर की नामंजूर?

"अरे देवा, घर सोडायची परवानगी मागतायत."

"नामंजूर दाबा."

"दाबलं."

मी पुन्हा विनंती केली.

"पुन्हा मागतायत गं."

"पुन्हा दाबा. आपणही काही कमी हट्टी नाही."

मी घाईघाईने लिहिलं, "मी कुठेही जात नाहीये, इथे कामाची बैठक चाललीय."

मग अक्षरं आली, "बैठकीत बाई आहे का?"

मी हताशपणे डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "आहे म्हणून लिहा," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला?"

लिहिलं.

"बाई," पडदा म्हणाला, "आमचे जावई साधे आहेत. त्यांना कोथिंबीर आणि गवत यातला फरक कळत नाही, पण मनाने सोनं. जावईबापू, काल तुमच्या खुर्चीत मी बसलो त्याचा राग आला असेल तर तसं सांगा. मी स्टुलावर बसत जाईन."

साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. आणि डॉक्टरीणबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. हसून हसून त्यांना बोलवत नव्हतं.

"म्हणजे तुमच्याच ॲपमधून तुम्हाला बाहेर पडता येत नाहीये?"

"नाही."

"ज्याने बनवलं त्यालाही?"

"सासऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय नाही."

"दार तुमचं भक्कम आहे," त्या म्हणाल्या, "फक्त तुम्ही ते सताड उघडं टाकून आलात. काम तुम्हालाच. पण दवाखान्याच्या खात्यात कोणाचाही टीव्ही नको."

साहेबांनी मला मिठी मारली, मग चुकून कॉफीच्या यंत्रालाही.

घरी पोचलो तर सासऱ्यांनी दारातच माझा हात धरला, तो चहा होईपर्यंत सोडला नाही. सासूबाईंनी ताटात इतकं वाढलं की पळून जायचं ठरवलं असतं तरी उठवलं नसतं. बायको मात्र गॅलरीत निवांत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुला काहीच वाटलं नाही?" मी विचारलं. "मी कायमचा निघालो असं बाबांनी सांगितलं असेल ना?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "पण चार्जर घरीच होता तुझा. म्हटलं, किती लांब जाणार?"